पत्र लिहिण्यास कारण की... : नोकरीच्या अर्जासोबतचे कव्हर लेटर

(प्रतिनिधी)

नोकरीची जाहिरात पाहून अर्ज करणारे बहुसंख्य उमेदवार आपली सारी शक्ती बायोडाटा सजविण्यात खर्च करतात. त्यासाठी दोन-तीन दिवस घालवतात, मित्रांना दाखवतात, छायाचित्र बदलतात. सोबतच्या पत्राला मात्र पाच मिनिटेही मिळत नाहीत. कोणाकडून तरी आलेला जुना नमुना उघडायचा, कंपनीचे नाव बदलायचे आणि पाठवून द्यायचे, अशी ही रूढ पद्धत. 'कव्हर लेटर' या नावामुळेही गैरसमज होतो. जणू हे पत्र म्हणजे बायोडाटाला घातलेले वेष्टन आणि वेष्टन कोण वाचतो?

बायोडाटा ही उमेदवाराच्या आजवरच्या वाटचालीची नोंद असते. त्या नोंदीचा समोरच्या रिकाम्या जागेशी काय संबंध आहे, हे पत्र सांगते. ज्यांची वाटचाल सरळ आहे, म्हणजे चांगले गुण, नामांकित महाविद्यालय, मग त्याच क्षेत्रात सलग नोकरी, त्यांचे पत्रावाचून फारसे अडत नाही. परंतु ज्यांच्या शिक्षणात खंड पडला, घरच्या जबाबदारीमुळे ज्यांना दोन वर्षे नोकरी सोडावी लागली, ज्यांना क्षेत्र बदलायचे आहे किंवा तालुक्याच्या गावातून पुण्या-मुंबईत यायचे आहे, त्यांचा बायोडाटा त्यांच्याच विरुद्ध साक्ष देत असतो. वाचणाऱ्याच्या मनात उभा राहिलेला प्रश्न मुलाखतीपूर्वी सोडविण्यासाठी त्यांना एकच जागा मिळते. ती म्हणजे हे पत्र. त्यामुळे पत्राची गरज ज्यांना सर्वाधिक, नेमके तेच तयार नमुन्यावर विसंबून राहतात, ही खेदाची बाब आहे.

एका कारकुनाचा अर्ज

नोकरीसाठी लिहिलेल्या पत्रांचा विचार करताना भारतातील एका पत्राचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. ९ फेब्रुवारी १९१२ रोजी मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य लेखापालांना एका तरुणाने कारकुनाच्या जागेसाठी अर्ज केला. या तरुणाचे नाव होते श्रीनिवास रामानुजन. त्यांचा बायोडाटा आजच्या भाषेत सांगायचा तर निराशाजनक होता. गणिताखेरीज अन्य विषयांत ते अनुत्तीर्ण झाले होते. कुंभकोणमच्या महाविद्यालयातील शिष्यवृत्ती त्यांनी गमावली होती आणि एफ. ए. म्हणजे पदवीपूर्व परीक्षा त्यांना मद्रासमध्येही उत्तीर्ण होता आले नव्हते. पदवी नाही, सलग नोकरीचा अनुभव नाही.

त्यांचे हे पत्र अवघ्या पाच वाक्यांचे आहे. आपल्या कार्यालयात कारकुनाची जागा रिकामी असल्याचे समजले, तिच्यासाठी हा अर्ज, असे पहिले वाक्य सांगते. मॅट्रिक उत्तीर्ण आहे, एफ. ए. पर्यंत शिकलो, पण काही प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढे शिकता आले नाही, हे दुसरे. तथापि, सर्व वेळ गणिताच्या अभ्यासाला व त्या विषयाच्या विकासाला देत आलो आहे, हे तिसरे. नेमणूक झाल्यास कामाला न्याय देऊ शकेन याची खात्री आहे, हे चौथे. आणि शेवटी नेमणुकीची विनंती. शिक्षणातील अपयशाची कबुली एका वाक्यात उरकली आहे आणि लगेच पुढच्या वाक्यात त्या काळात काय केले, हे सांगितले आहे. वाचणाऱ्याला अपयशाजवळ रेंगाळण्यास त्यांनी वावच ठेवला नाही. पत्रासोबत प्रेसिडेन्सी कॉलेजमधील गणिताचे प्राध्यापक ई. डब्ल्यू. मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र होते. १ मार्च १९१२ रोजी रामानुजन कामावर रुजू झाले.

त्यानंतर दहा महिन्यांनी, १६ जानेवारी १९१३ रोजी, त्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. ते अधिक प्रसिद्ध आहे. ते नोकरीचा अर्ज नसले तरी अपरिचित व्यक्तीला आपली ओळख करून देण्याचा तो एक उत्तम नमुना आहे. आपण पोर्ट ट्रस्टमध्ये वर्षाला अवघ्या २० पौंडांवर काम करणारे कारकून आहोत आणि आपले विद्यापीठीय शिक्षण झालेले नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले व सोबत आपले गणिती निष्कर्ष जोडले. पानेच्या पाने भरलेले ते निष्कर्ष पाहून हार्डी यांचे कुतूहल जागे झाले. पदवीची उणीव भरून काढायला विशेषणे उपयोगी पडली नसती. कामाचा नमुना पडला. (या पत्रात त्यांनी आपले वय सुमारे २३ असे लिहिले, प्रत्यक्षात ते २५ होते. आजच्या काळात कागदपत्रांच्या पडताळणीत एवढी तफावतही महागात पडते, हे उमेदवारांनी ध्यानात ठेवावे!)

पत्र कोठे वाचले जाते?

प्रत्येक अर्जाला पत्र जोडण्याचा अट्टहास अनावश्यक आहे. लोकसेवा आयोगाच्या किंवा बँकांच्या परीक्षांसाठी ऑनलाइन अर्ज ठरलेल्या रकान्यांत भरावयाचा असतो. तेथे पत्राला स्थान नाही. महाविद्यालयातून थेट निवड होते तेथेही त्याचा उपयोग नसतो. मोठ्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांत एका जागेसाठी शेकडो अर्ज येतात. तेथील पहिली चाळणी अनेकदा संगणक प्रणाली करते आणि तिचे लक्ष मुख्यत्वे बायोडाटातील शब्दांवर असते.

लघु व मध्यम उद्योग, विनाअनुदानित शाळा, स्वयंसेवी संस्था, वकिलांची व सनदी लेखापालांची कार्यालये, प्रकाशन संस्था, रुग्णालयांचे प्रशासन, वृत्तपत्रे अशा ठिकाणी चित्र वेगळे असते. तेथे अर्ज वाचणारी व्यक्ती बहुधा तीच असते, जिच्या हाताखाली उमेदवाराला काम करावयाचे आहे. चाकण किंवा सातपूरच्या एखाद्या कारखान्याचा मालक संध्याकाळी स्वतः अर्ज चाळतो. त्याच्याकडे वेळ थोडा असतो आणि त्याची अडचण ठोस असते. आधीचा माणूस गेला आहे, काम साचले आहे. 'हा माणूस ते काम उचलेल का?' एवढाच त्याचा प्रश्न असतो. पत्राने त्याचे उत्तर द्यावयाचे आहे.

अनुदानित महाविद्यालयांच्या जाहिरातींबाबत एक सूचना. तेथे पत्रातील मजकुरापेक्षा औपचारिकता निर्णायक ठरते. आधीच सेवेत असलेल्या उमेदवाराने अर्ज 'योग्य मार्गाने', म्हणजे सध्याच्या संस्थेमार्फत पाठवावा, अशी अट असते. संस्थेकडून विलंब होण्याची शक्यता असल्यास एक आगाऊ प्रत थेट पाठवून पत्रात तसा उल्लेख करावा आणि ना हरकत प्रमाणपत्र मुलाखतीच्या वेळी सादर करू, असे लिहावे. आरक्षित जागांसाठीच्या अर्जाची प्रत विद्यापीठाच्या विशेष कक्षाकडे पाठविण्यास जाहिरातीत सांगितले असेल, तर तीही विसरू नये.

विनंती आणि याचना

मराठी माध्यमात शिकलेल्या आपल्या सर्वांना शाळेत पत्रलेखन शिकविले जाते. मायना, विषय, संदर्भ, 'कळावे', 'आपला विश्वासू' हा साचा त्यामुळे पक्का झालेला असतो. तो साचा वाईट नाही. विषय आणि संदर्भ या दोन ओळी तर इंग्रजी पत्रातही असाव्यात इतक्या उपयुक्त आहेत; कोणत्या पदासाठी, कोणत्या जाहिरातीवरून हे त्यामुळे चटकन कळते. अडचण आहे ती साच्यातील मजकुराची. 'मी होतकरू, कष्टाळू व प्रामाणिक असून आपल्या नावलौकिक प्राप्त संस्थेत सेवेची संधी मिळाल्यास आजन्म ऋणी राहीन', हे वाक्य किंवा त्याची भावंडे असंख्य अर्जांत आढळतात. इंग्रजीत 'आव्हानात्मक पद' आणि 'प्रगतीस वाव देणारे वातावरण' शोधणारे वाक्य याच कुळातले. अशा वाक्यात खोटे काही नसते. परंतु ते कोणीही, कोणालाही, कोणत्याही पदासाठी लिहू शकतो. म्हणून वाचणाऱ्याचे डोळे त्यावरून घसरून पुढे जातात.

याहून हानिकारक असते ती याचना. 'घरची परिस्थिती बेताची आहे', 'वडील शेतमजूर असून दोन बहिणींची जबाबदारी माझ्यावर आहे', 'कृपया एक संधी द्यावी' असे लिहिणारे अनेक आहेत. त्यामागची व्यथा खरी असते आणि तिची थट्टा करण्याचे कारण नाही. पण नोकरी देणारा सहानुभूती वाटली तरी त्या आधारावर निवड करीत नाही. उलट, हा माणूस दडपणाखाली कसे काम करील, अशी शंका त्याला येते. त्याच परिस्थितीतून एक वेगळे वाक्य निघू शकते. 'महाविद्यालयाच्या तीन वर्षांत सकाळी वर्तमानपत्रे टाकून आणि सायंकाळी औषधांच्या दुकानात काम करून शिक्षण पूर्ण केले. दुकानातील साठ्याची नोंदवही माझ्याकडे होती.' येथे गरिबीचा उच्चारही नाही. वेळ पाळण्याची सवय, दुकानदाराने टाकलेला विश्वास आणि साठ्याच्या नोंदीचा अनुभव वाचणारा स्वतःच ओळखतो. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते उत्तम पत्र आणि सामान्य पत्र यांतील बहुतेक अंतर या एका गोष्टीत आहे. स्वतःचा गुण सांगावयाचा नसतो. तो दिसेल असे काम सांगावयाचे असते.

प्रत्यक्ष पत्र

लिहावयास बसण्यापूर्वी जाहिरात हाती घेऊन तिच्यातील अपेक्षा अधोरेखित कराव्यात. पाच-सहा अपेक्षांपैकी दोन किंवा तीनच खरोखर महत्त्वाच्या असतात आणि त्या बहुधा आधी लिहिलेल्या असतात. त्या प्रत्येकीसमोर आपण केलेले एक काम लिहावे. काम सापडले नाही तर ती अपेक्षा सोडून द्यावी. शक्य असल्यास संस्थेचे संकेतस्थळ पाहावे. ती काय बनविते, तिचे ग्राहक कोण, हे कळले की आपल्या अनुभवातील कोणता भाग पुढे आणावा ते आपोआप ठरते. एवढी तयारी झाल्यावर पत्र अर्ध्या तासात होते.

उदाहरणादाखल, भोसरी येथील पॅकेजिंगच्या एका मध्यम उद्योगाला लेखा सहाय्यक हवा आहे, असे समजू. जाहिरातीत जीएसटी विवरणपत्रे, टॅली, ई-वे बिल व ई-इनव्हॉइस यांचा उल्लेख आहे. उमेदवार वाणिज्य पदवीधर, सांगलीची, तीन वर्षांचा अनुभव आणि नंतर दीड वर्षाचा खंड. तिचे पत्र असे असू शकेल :

विषय : लेखा सहाय्यक पदासाठी अर्ज
संदर्भ : रविवारच्या अंकातील आपली जाहिरात

महोदय,

जीएसटी विवरणपत्रांचा अनुभव असलेला लेखा सहाय्यक हवा असल्याचे आपल्या जाहिरातीत नमूद आहे. सांगली येथील एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात मी तीन वर्षे हेच काम केले आहे. बावीस व्यापाऱ्यांची जीएसटीआर-१ व जीएसटीआर-३बी ही विवरणपत्रे तयार करण्याची जबाबदारी माझ्याकडे होती. त्यांपैकी सात जण लघुउद्योजक होते.

खरेदीच्या नोंदी जीएसटीआर-२बीशी ताडून पाहण्याचे काम आमच्याकडे पूर्वी तीन महिन्यांतून एकदा होत असे. मी ते दरमहा करण्याची पद्धत सुरू केली. त्यामुळे पुरवठादारांनी न दाखविलेली बिले वेळीच लक्षात येऊ लागली आणि ग्राहकांचे इनपुट टॅक्स क्रेडिट अडकण्याचे प्रकार कमी झाले. टॅली प्राइम व एक्सेलवर मी रोज काम केले आहे. ई-वे बिले तयार केली आहेत. ई-इनव्हॉइसचे काम मात्र प्रत्यक्ष केलेले नाही, त्याची प्रक्रिया मी समजून घेतली आहे.

वडिलांच्या आजारपणामुळे गेली दीड वर्षे मला पूर्णवेळ नोकरी करता आली नाही. या काळात सांगलीतील दोन दुकानांचे हिशेब मी घरून लिहीत होते. आता वडिलांची प्रकृती स्थिर आहे. मी पुण्यात राहावयास आले असून लगेच रुजू होऊ शकते.

बायोडाटा सोबत जोडला आहे. भेटीची वेळ कळविल्यास मूळ कागदपत्रांसह उपस्थित राहीन.

कळावे,
आपली विश्वासू

सव्वाशे-दीडशे शब्दांच्या या पत्रात एकही विशेषण उमेदवाराने स्वतःला लावलेले नाही. पहिले वाक्य तिच्याविषयी नसून कंपनीच्या गरजेविषयी आहे. दुसऱ्या परिच्छेदात एकच घटना आहे, पण ती सविस्तर आहे. तिच्यात पूर्वी काय होत असे, तिने काय बदलले आणि त्यातून काय निष्पन्न झाले, हे तिन्ही येते. लेखा विभाग सांभाळणाऱ्याला पुरवठादाराने विवरणपत्रात न दाखविलेल्या बिलांचा मनस्ताप ठाऊक असतो. हे वाक्य वाचून तो उमेदवाराला मुलाखतीला बोलावण्याचा विचार करू लागेल. अशी एक घटना दहा कौशल्यांच्या यादीपेक्षा अधिक काम करते, कारण यादी पाठ करता येते, घटना रचणे अवघड असते. रचलीच, तर मुलाखतीतील दुसऱ्या प्रश्नाला ती कोसळते.

ई-इनव्हॉइसविषयीच्या वाक्यावर काही वाचक आक्षेप घेतील. आपली उणीव आपणच कशाला सांगायची? पण वार्षिक उलाढाल पाच कोटी रुपयांपेक्षा अधिक असलेल्या व्यवसायांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इनव्हॉइस बंधनकारक आहे आणि लहान व्यापाऱ्यांचे काम करणाऱ्या कार्यालयात त्याचा संबंध न येणे स्वाभाविक आहे. वाचणाऱ्याला हे ठाऊक असते. उणीव लपविल्यास ती मुलाखतीत उघड होणारच. आधी सांगितल्यास उरलेल्या मजकुरावरचा विश्वास वाढतो. अर्थात हा न्याय दुय्यम अपेक्षेला लागू आहे. जाहिरातीतील मुख्य अपेक्षाच पूर्ण होत नसेल तर पत्र कितीही प्रामाणिक असले तरी उपयोग नाही.

खंडाचे काय?

नोकरीतील खंड हा पत्राचा खरा कसोटीचा भाग. बाळंतपण व संगोपन, घरातील आजारपण, स्पर्धा परीक्षांची तयारी, कंपनी बंद पडणे किंवा कर्मचारी कपात ही आपल्याकडील नेहमीची कारणे. विशेषतः स्पर्धा परीक्षांत चार-पाच वर्षे घालवून खासगी नोकरीकडे वळणारे तरुण पुण्यात मोठ्या संख्येने आहेत आणि ही वर्षे लपवावीत अशीच त्यांची वृत्ती असते. लपविण्याने वर्षे नाहीशी होत नाहीत. बायोडाटातील तारखा बोलतातच. त्यापेक्षा एका वाक्यात कारण आणि दुसऱ्या वाक्यात त्या काळात केलेले एखादे काम, एवढे पुरेसे आहे. परीक्षेची तयारी करताना अभ्यासिकेचे व्यवस्थापन पाहिले असेल, शिकवणी घेतली असेल, अभ्यासाच्या टिपणांचे संपादन केले असेल, तर ते काम आहे आणि ते लिहावे. मुख्य परीक्षेपर्यंत किंवा मुलाखतीपर्यंत पोहोचला असाल तर तेही नमूद करण्यास हरकत नाही.

आजारपणाचा तपशील, कौटुंबिक कलह, आधीच्या वरिष्ठांशी झालेले मतभेद या गोष्टींना पत्रात जागा नाही. आधीच्या कंपनीविषयी तक्रार करणारा उद्या आपल्याविषयीही करील, असे वाचणारा समजतो. तक्रार रास्त असली तरी हा नियम बदलत नाही. 'मुले आता शाळेत जाऊ लागली आहेत' यासारखे स्पष्टीकरण अनेक महिला देतात. पुरुष उमेदवार असे काही लिहीत नाहीत आणि त्यांना कोणी विचारतही नाही. पूर्णवेळ काम करण्यास तयार आहे, एवढे विधान पुरेसे ठरावे.

भाषा, टंक आणि ई-मेल

जाहिरात ज्या भाषेत, पत्र त्या भाषेत, हा साधा नियम. इंग्रजी जाहिरातीला मोडक्या-तोडक्या पण भारदस्त इंग्रजीत उत्तर देण्यापेक्षा लहान, साधी आणि शुद्ध वाक्ये लिहावीत. 'रिस्पेक्टेड सर' ऐवजी 'डिअर सर' किंवा 'डिअर मॅडम' आणि नाव माहीत असल्यास आडनावासह संबोधन योग्य. अर्ज वाचणारी व्यक्ती पुरुषच असेल असे गृहीत धरू नये. 'प्लीज डू द नीडफुल' हे वाक्य आपल्याखेरीज इतरत्र क्वचितच वापरतात. परदेशी कंपनीला पाठविताना ते टाळावे.

मराठीतील पत्रापुढे एक तांत्रिक अडथळा अजूनही उभा आहे. श्रीलिपी किंवा कृतीदेव यांसारख्या जुन्या टंकात लिहिलेला मजकूर समोरच्या संगणकावर तो टंक नसल्यास निरर्थक चिन्हांच्या रांगा होऊन उमटतो. वाचणारा दुरुस्ती मागत बसत नाही, पुढचा अर्ज उघडतो. म्हणून मजकूर युनिकोडमध्येच लिहावा आणि जोडपत्र पीडीएफ स्वरूपात पाठवावे.

ई-मेलने अर्ज करताना पत्र वेगळ्या फाइलमध्ये जोडण्यापेक्षा ई-मेलच्या मजकुरातच लिहिलेले बरे. ती फाइल उघडण्याचे कष्ट सगळेच घेत नाहीत. जाहिरातीत स्वतंत्र फाइल मागितली असेल तर अर्थातच तसे करावे. विषयाच्या ओळीत पदाचे नाव आणि आपले नाव लिहावे. फाइलला 'रेझ्युमे फायनल नवीन २' असे नाव न देता आपल्या नावाने जतन करावे. ई-मेलचा पत्ता महाविद्यालयीन दिवसांतील गमतीदार नावाचा असेल तर नवा काढावा. आजकाल अनेक लहान उद्योग व्हॉट्सॲपवरच बायोडाटा मागवितात. तेथे नुसती फाइल पाठविणे म्हणजे दार वाजवून न बोलता उभे राहण्यासारखे आहे. पदाचे नाव, आपला सर्वांत लागू पडणारा अनुभव आणि रुजू होण्याची तयारी एवढ्या चार ओळी सोबत लिहिल्या की तेच आपले कव्हर लेटर.

सध्याचे व अपेक्षित वेतन जाहिरातीत विचारले असेल तरच एका ओळीत सांगावे. सध्याच्या नोकरीतील नोटिशीचा कालावधी मात्र न विचारताही लिहिलेला चांगला. माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात तो अनेक ठिकाणी ९० दिवसांचा असतो आणि भरती करणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो. आधार किंवा पॅन क्रमांक पत्रात देऊ नयेत. निवडीपूर्वीच हे क्रमांक, बँक खात्याचा तपशील किंवा 'नोंदणी शुल्क' मागणारी जाहिरात ही फसवणूक असण्याचीच शक्यता अधिक. अशा ठिकाणी पत्र लिहिण्याचे श्रमच वाचवावेत.

यंत्राने लिहिलेले पत्र

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि तयार नमुन्याची जागा तयार पत्राने घेतली. जाहिरात त्यात टाकली की क्षणार्धात निर्दोष इंग्रजीतील पत्र मिळते. इंग्रजीची भीती असलेल्यांना हा मोठा आधार आहे आणि त्याचा उपयोग करूच नये, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु एकाच जाहिरातीवरून शंभर जणांनी मागितलेली शंभर पत्रे एकाच सुरात बोलतात. प्रत्येक जण 'उत्साही', प्रत्येक जण 'संघभावनेने काम करणारा', प्रत्येकाला कंपनीच्या ध्येयधोरणांचे आकर्षण. म्हणजे होतकरू, कष्टाळू व प्रामाणिक उमेदवार नव्या पोशाखात परत आला आहे, एवढेच. सांगलीच्या कार्यालयातील ती दरमहाची पडताळणी यंत्राला माहीत नसते. ती उमेदवारालाच सांगावी लागते. म्हणून पहिला मसुदा स्वतः, जमेल त्या भाषेत, मराठीत सुचत असेल तर मराठीत लिहावा. मग भाषांतरासाठी किंवा व्याकरण तपासण्यासाठी यंत्राची मदत घ्यावी आणि त्याने परत दिलेल्या मजकुरात आपण न केलेले एखादे काम किंवा न मिळविलेले कौशल्य घुसलेले नाही ना, हे ओळीओळीने पाहावे.

पाठविण्यापूर्वी पत्र एकदा मोठ्याने वाचावे. मागच्या अर्जातील कंपनीचे नाव राहून जाणे ही सर्वाधिक घडणारी आणि सर्वांत घातक चूक आहे; ती डोळ्यांना दिसत नाही, कानाला चटकन खटकते. पाठविलेल्या प्रत्येक पत्राची प्रत आणि जाहिरातीचे कात्रण किंवा छायाचित्र एकत्र ठेवावे, कारण मुलाखतीचा फोन तीन आठवड्यांनी येतो तेव्हा आपण काय लिहिले होते, हे आठवत नाही. उत्तर आले नाही तर आठ-दहा दिवसांनी, पदाचे नाव व अर्जाची तारीख देऊन, एकदाच विचारणा करावी. दुसऱ्यांदा विचारण्याऐवजी पुढची जाहिरात अधोरेखित करावयास घ्यावी.